मित्रासाठी आणलेले दगड

रॉचेस्टर हे न्यूयॉर्क राज्यातले शहर. कोडॅक कंपनीमुळे ते जगाला माहीत झाले. तिथल्या विद्यापीठात जीवशास्त्र शिकवणाऱ्या वुल्फ व्हिश्नियाक यांची ही गोष्ट. ती खरी आहे. तिच्यात राजा-राणी नाही, कोल्हा-करकोचा नाही. तरी मी ती बोधकथा म्हणूनच सांगतो, कारण ग्रहविज्ञान शिकायला अमेरिकेला निघालेली मुले हल्ली भेटतात, तेव्हा त्यांना सांगावी अशी याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही.

व्हिश्नियाक यांचा जन्म १९२२ सालचा, बर्लिनचा. वडील रोमन व्हिश्नियाक हे छायाचित्रकार. पूर्व युरोपातल्या ज्यू वस्त्यांचे त्यांनी काढलेले फोटो पुढे, त्या वस्त्याच नाझींनी पुसून टाकल्यावर, इतिहासाचा पुरावा ठरले. या वडिलांना सूक्ष्मदर्शकाचेही वेड होते. घरात सूक्ष्मदर्शक म्हटल्यावर मुलगा आणखी कुठे वळणार? कुटुंब जीव वाचवून अमेरिकेत आले. वुल्फ ब्रुकलिन कॉलेजात शिकले, १९४९ मध्ये स्टॅनफर्डहून पीएच.डी. झाले, पुढे सेव्हेरो ओचोआ यांच्या प्रयोगशाळेत पालकाच्या पानांतल्या हरितकणांवर त्यांनी केलेले काम नावाजले गेले. म्हणजे सरळ, भरवशाची वाट समोर होती. ती धरली असती तर कुणी नाव ठेवले नसते.

पण त्यांच्या डोक्यात मंगळ शिरला. तिथे जीव आहे का, हा प्रश्न त्या काळी प्रतिष्ठित जीवशास्त्रज्ञ चारचौघांत विचारायला कचरत. व्हिश्नियाक तो विचारू लागले. नासा तेव्हा नुकतीच जन्मली होती. १९५९ मध्ये तिने जीवशास्त्रासाठी पहिले अनुदान दिले, ते व्हिश्नियाक यांना. रक्कम होती ४,४८५ डॉलर.

या पैशांतून एका यंत्राची सुरुवात झाली. त्याचे नाव पडले ‘वुल्फ ट्रॅप’. कल्पना अगदी घरगुती म्हणावी अशी. उन्हाळ्यात रात्रभर बाहेर राहिलेले वरणावरचे निवळ पाणी सकाळी गढूळ दिसते आणि आंबट लागते. सूक्ष्मजीव वाढल्याच्या या दोन्ही खुणा. व्हिश्नियाक यांनी तेच यंत्राकडून करून घ्यायचे ठरवले. मंगळावरची चिमूटभर माती पोषक द्रावणात टाकायची. द्रावणातून प्रकाशाचा झोत सोडायचा. जीव वाढले तर द्रावण गढूळ होईल, प्रकाश विखुरला जाईल, आणि आम्लता बदलली तर तीही नोंदली जाईल. यंत्राने हा निकाल कोट्यवधी किलोमीटर दूर पृथ्वीवर कळवायचा. कल्पना सोपी, पण ती उल्कापिंडासारख्या वेगाने दुसऱ्या ग्रहावर जाऊन उतरणाऱ्या यानात बसवायची म्हणजे काय, हे त्यात हात घातल्याशिवाय कळत नाही. त्यात बारा वर्षे गेली.

१९६९ मध्ये नासाने ‘व्हायकिंग’ मोहिमेसाठी चार जीवशास्त्रीय प्रयोग निवडले. गिल्बर्ट लेव्हिन यांचा एक, नॉर्मन हॉरोविट्झ यांचा एक, व्हान्स ओयामा यांचा एक, आणि चौथा व्हिश्नियाक यांचा. चारही प्रयोग साधारण एक घनफूट आकाराच्या खोक्यात बसवायचे होते. तयार झालेल्या खोक्यात सुमारे ४० हजार सुटे भाग होते. वजन वाढले, गुंतागुंत वाढली, खर्च तर हाताबाहेर गेला. मग सरकारी कामात जे होते तेच झाले: काहीतरी कापा. १९७२ च्या मार्चमध्ये चारांतला एक प्रयोग वगळण्यात आला. तो वुल्फ ट्रॅप.

वगळण्यामागे नुसता पैशांचा हिशेब नव्हता, हेही सांगायला हवे. मंगळ इतका कोरडा. तिथे जीव असलाच तर तो थेंबभर पाण्यालाही सरावलेला नसेल, आणि तुम्ही त्याला एकदम द्रावणात बुडवणार, असा शास्त्रीय आक्षेपही होता. तो अगदीच पोकळ नव्हता. म्हणून या कथेत खलनायक शोधू नये. बारा वर्षांचे काम रद्द व्हायला खलनायक लागतोच असे नाही.

आता इथे आपण स्वतःला ठेवून पाहावे. तोंडाशी आलेला घास गेला. उरलेले तिघे सहकारी मंगळावर जाणार, त्यांची नावे इतिहासात लागणार, आणि आपण त्यांच्याच समितीत बसून त्यांच्या यंत्रांवर चर्चा करायची. राजीनामा देणे हा एक मार्ग. वर्तमानपत्रात पत्र लिहिणे हा दुसरा. समितीत राहून दर बैठकीला तिरका शेरा मारणे हा तिसरा, आणि आपल्या सार्वजनिक संस्थांचा अनुभव पाहता सर्वांत लोकप्रिय.

व्हिश्नियाक यांना वाईट वाटले नसेल असे मुळीच नाही. पण ते समितीतून उठून गेले नाहीत. यंत्र गेले तरी प्रश्न जागेवर होता. मंगळावर जाता येत नाही, तर पृथ्वीवर मंगळाच्या सर्वांत जवळची जागा कोणती? तिथे जाऊन शोध चालू ठेवू, असे त्यांनी ठरवले.

ती जागा अंटार्क्टिकात आहे. मॅकमर्डो हे अमेरिकेचे तिथले मोठे ठाणे. त्याच्या पलीकडे कोरडी खोरी पसरली आहेत. अंटार्क्टिका म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे बर्फ येतो, पण या खोऱ्यांत जमीन उघडी आहे, तपकिरी आणि दगडांनी भरलेली. वरच्या पठारावरून खाली सुटणारे वारे असतील नसतील ते हिमकणही सुकवून नेतात. झाड नाही, गवत नाही.

या खोऱ्यांवरून तेव्हा विद्वानांत वाद पेटला होता. कॅलटेकचे हॉरोविट्झ आणि त्यांचे सहकारी तिथली माती तपासत होते. १९७२ मध्ये त्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिले की तिथल्या काही मातीत सूक्ष्मजीव सापडतच नाहीत. याचा अर्थ सरळ होता. जीवांनी गजबजलेल्या पृथ्वीवरच जर निर्जीव माती असेल, तर मंगळाची आशा कशाला धरायची? व्हिश्नियाक यांची शंका वेगळी होती. माती उकरून प्रयोगशाळेत आणायची, तिला तिथले भरपेट अन्न द्यायचे आणि काही उगवले नाही की मेली म्हणायचे, ही पद्धतच त्यांना पटेना. त्यांनी उलटे केले. निर्जंतुक काचपट्ट्या आणि छोटी उपकरणे त्या मातीतच पुरायची, महिनाभर तशीच राहू द्यायची, मग उकरून सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. पहिल्या खेपेला त्यांना काचेवर वाढलेले सूक्ष्मजीव दिसले. माती जिवंत होती.

१९७३ च्या अखेरीस ते पुन्हा गेले. यावेळी निघताना त्यांनी एक छोटेसे काम अंगावर घेतले होते. काम स्वतःचे नव्हते, म्हणूनच मला ते या गोष्टीत सर्वांत मोठे वाटते.

फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात इम्रे फ्रीडमन नावाचे शैवालतज्ज्ञ होते. मूळचे हंगेरीतले ज्यू, व्हिश्नियाक यांच्यासारखेच युरोपच्या वणव्यातून वाचलेले. इस्राएलच्या नेगेव वाळवंटात त्यांना दगडांच्या पोटात राहणारी शैवाले सापडली होती. पृष्ठभागावर नाही, आत. उष्ण वाळवंटात हे घडते, तर थंड वाळवंटात का घडू नये? फ्रीडमन यांना अंटार्क्टिकातले दगड हवे होते. व्हिश्नियाक म्हणाले, मी आणतो.

एवढेच. त्यांचा विषय मातीचा. दगडांशी त्यांना देणेघेणे नव्हते. त्या थंडीत पाठीवर वाहायचे प्रत्येक किलो मोजून घ्यावे लागते. शिवाय दगडांत काही निघालेच तर श्रेय फ्रीडमन यांचे. तरीही त्यांनी दगड गोळा केले आणि फ्रीडमनसाठी म्हणून वेगळे बांधून ठेवले.

१० डिसेंबर १९७३ रोजी ते असगार्ड पर्वतरांगेतल्या माउंट बाल्डरच्या परिसरात एकटेच निघाले. पुरून ठेवलेल्या काचपट्ट्या-उपकरणांची ठाणी परत गोळा करायची होती. डिसेंबरात तिथे सूर्य मावळत नाही, त्यामुळे रात्र पडायचा प्रश्न नव्हता. त्यांच्या खिशातल्या छोट्या तपकिरी वहीत त्या दिवसाची शेवटची नोंद आहे: २०२ क्रमांकाचे ठाणे उचलले, वेळ रात्री साडेदहा, मातीचे तापमान उणे १०, हवेचे उणे १६. नोंद नेहमीसारखीच आहे. घाई नाही, भावना नाही. त्यानंतर ते परतले नाहीत. शोध घेतल्यावर त्यांचा देह एका बर्फाळ कड्याच्या पायथ्याशी मिळाला. सुमारे दीडशे मीटर घसरत गेले होते. वय ५१.

सामान अमेरिकेत परत आले. त्यांच्या पत्नी हेलन स्वतः सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होत्या, किण्वांच्या जाणकार. त्यांना सामानात दगडांची पिशवी मिळाली, फ्रीडमन यांच्यासाठी म्हणून ठेवलेली. पतीच्या मृत्यूनंतर घरात काय काय चाललेले असते ते सांगायला नको. अशा वेळी दगडांची एक पिशवी कोपऱ्यात पडून राहिली असती तर कुणाला कळलेही नसते. हेलन यांनी ती फ्रीडमन यांच्याकडे, त्यांच्या विद्यापीठाच्या टॅलाहासी शहरात पाठवून दिली.

टॅलाहासीत फ्रीडमन यांच्यासोबत रोझेली ओकाम्पो काम करत होत्या. मूळच्या मनिलाच्या. फिलिपिन्समध्ये पदवी, जेरुसलेमला एम.एस्सी. आणि १९७३ मध्ये फ्लोरिडा स्टेटमधून पीएच.डी., असा त्यांचा तीन देशांचा प्रवास. पुढे त्या फ्रीडमन यांच्या पत्नी झाल्या. दगड फोडून आतला जीव पाहणे एक, आणि तो परीक्षानळीत जिवंत ठेवणे दुसरे. हे जीव हट्टी. वाळवंटात शतकानुशतके तगतील, पण प्रयोगशाळेत जरा जास्त लाड केले की मरतील. रोझेली यांच्या हातात मात्र ते जगत. जगभरच्या टोकाच्या जागांमधून आलेल्या सुमारे हजार प्रकारच्या सूक्ष्मजीवांचा संग्रह त्यांनी पुढे सांभाळला.

पिशवीतले दगड फोडले गेले. अंटार्क्टिकातला हा वालुकाश्म बाहेरून पाहिला तर तांबूस-तपकिरी, खडबडीत, वाऱ्याने घासलेला. हातात घेऊन कुणी म्हणणार नाही की यात काही असेल. फोडल्यावर कडेपासून एक-दोन मिलिमीटर आत, कडेला समांतर, हिरवा पट्टा दिसतो. पुढे तिथल्या इतर दगडांत याहून मोठी वस्ती सापडली: आधी काळी रेघ, मग पांढरी, मग हिरवी, आणि सगळे मिळून बोटाच्या पेराएवढ्याही जाडीचे नाही. तिथे बुरशी आणि शैवाल एकमेकांच्या आधाराने राहतात. वालुकाश्माचे कण किंचित पारदर्शक असतात, त्यांतून अंधूक उजेड आत झिरपतो. उन्हाने दगड हवेपेक्षा जास्त तापतो, वर पडलेला बर्फाचा कण वितळतो आणि तो थेंब छिद्रांत शिरतो. वर्षाकाठी मोजके तास पाणी, मोजका उजेड. तेवढ्यावर संसार चालतो.

फ्रीडमन आणि ओकाम्पो यांचा निबंध ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला, सप्टेंबर १९७६ मध्ये. हा महिना लक्षात घ्या. २० जुलैला व्हायकिंगचे पहिले यान मंगळावर उतरले होते, ३ सप्टेंबरला दुसरे. मंगळावरच्या मातीत पोषक द्रव टाकले जात होते आणि सारे जग निकालाची वाट पाहत होते. लेव्हिन यांच्या प्रयोगाने होकार दिल्यासारखे दिसले. पण दुसऱ्या उपकरणाला मातीत सेंद्रिय पदार्थच सापडले नाहीत. बहुतेकांनी निष्कर्ष काढला की हा रसायनांचा खेळ आहे, जीव नाही. लेव्हिन यांना ते कधीच पटले नाही. २०२१ मध्ये वारेपर्यंत ते आपल्या होकारावर ठाम राहिले. दरम्यान २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट सापडले, तापवले की सेंद्रिय पदार्थ जाळून टाकणारे. त्यामुळे १९७६ च्या त्या नकाराकडेही शास्त्रज्ञ पुन्हा संशयाने पाहू लागले. निकाल अजून लागलेला नाही.

म्हणजे कोट्यवधी डॉलरांची यंत्रे मंगळाच्या मातीत जीव शोधत होती आणि संभ्रमात पडत होती, त्याच आठवड्यांत मृत माणसाने मित्रासाठी बांधून ठेवलेल्या दगडांत जीव सापडल्याची बातमी छापून येत होती. नुसता जीव सापडला नाही, तर कुठे शोधायचा हेही त्या दगडांनी शिकवले. पृष्ठभागावर दिसत नसेल तर आत पाहा. मंगळ हळूहळू कोरडा आणि थंड होत गेला, तेव्हा तिथले जीव, असतील तर, शेवटी असेच दगडांच्या आत सरकले असतील, ही कल्पना इथून पुढे आली.

गोष्ट इथे थांबत नाही. १९७६ मध्येच क्रिस मॅक्के नावाचा मुलगा कोलोरॅडो विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणाला दाखल झाला होता. व्हायकिंगची छायाचित्रे पाहून तो अस्वस्थ झाला: जीवाला लागणारे बरेच काही तिथे दिसते, मग जीव का नाही? त्याने आणि तिथल्या त्याच्या सोबत्यांनी मंगळावर स्वतःच अभ्यासवर्ग सुरू केला. १९८० मध्ये तो अंटार्क्टिकाला गेला, इम्रे फ्रीडमन यांच्या चमूतून. पीएच.डी.नंतर तो नासाच्या एम्स केंद्रात रुजू झाला, आणि पृथ्वीवरच्या मंगळासारख्या जागा शोधणाऱ्यांत आज मॅक्के यांचे नाव पहिल्या फळीत घेतले जाते. त्या पिशवीचे असे वारस निघाले. रोझेली यांच्या संग्रहातल्या वाळवंटी जीवाणूंचे वाण तर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या बाहेर, उघड्या अवकाशात ठेवून तपासले गेले.

व्हिश्नियाक यांच्या पुरलेल्या ठाण्यांपैकी बहुतेक त्यांच्या मृत्यूनंतर गोळा झाली, आणि त्या मोहिमेच्या नमुन्यांत हेलन यांना किण्वाची एक नवी जात सापडली. तिच्या शास्त्रीय नावात आज व्हिश्नियाक आहेत. मंगळाच्या दक्षिण भागातल्या एका विवरालाही त्यांचे नाव मिळाले. वुल्फ ट्रॅप मात्र कुठल्याच ग्रहावर गेला नाही.

आता ज्यांना हे शिकायचे आहे त्यांच्यासाठी चार व्यवहाराचे शब्द. अमेरिकेत ग्रहविज्ञानाची मोठी घरे म्हणजे गेरार्ड कायपर यांनी १९६० मध्ये टूसानला सुरू केलेली अ‍ॅरिझोना विद्यापीठाची चंद्र आणि ग्रह प्रयोगशाळा, कॅलटेक, आणि आणखी काही. जीवाच्या शोधासाठी सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने १९९९ मध्ये वेगळा पदव्युत्तर कार्यक्रम सुरू केला. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातही तसा आहे. पण तिथे ‘खगोलजीवशास्त्र’ अशी एकच खोली नाही. तुम्ही आधी भूशास्त्राचे, खगोलशास्त्राचे किंवा सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी होता, आणि त्यावर हा दुसरा शिक्का मिळवता. सिएटलला तर काही काळ आपल्या विषयाबाहेरच्या माणसाच्या हाताखाली राबावेच लागते. मातीवाल्याने दगडवाल्याचे काम करायचे, ही गोष्ट तिथे आता अभ्यासक्रमातच घातली आहे.

अर्जासोबतच्या निवेदनात आपली मुले लिहितात: मला नासात काम करायचे आहे, मला अमुक यंत्र बनवायचे आहे. लिहावे. पण वाचणारा प्राध्यापक त्यात प्रश्न शोधत असतो. यंत्रे रद्द होतात, मोहिमा पुढे ढकलल्या जातात, अनुदाने एका सकाळी बंद होतात. अमेरिकेत हे नेहमी घडत आले आहे. त्या दिवशी तुमच्याजवळ काय उरेल, हे त्याला त्या दोन पानांत पाहायचे असते.

आणि अंटार्क्टिका परवडत नसेल तर बुलडाणा जिल्हा आहे. लोणारचे विवर सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंद, बेसॉल्टात उल्काघाताने झालेले. त्याचा निर्णायक पुरावा मांडणारा निबंध ‘सायन्स’मध्ये आला तोही १९७३ मध्येच. मंगळाचा पृष्ठभागही बराचसा बेसॉल्टचा, म्हणून न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या हॅगर्टी आणि न्यूसम यांनी लोणारच्या खडकांचे नमुने तपासले आणि आघातानंतर तापलेल्या खडकांतून फिरलेल्या पाण्याच्या खुणा २००३ मध्ये जगासमोर ठेवल्या. २०२० च्या जूनमध्ये तळे गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यात खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव शोधून दाखवले. सिएटलचा अर्ज भरण्याआधी एकदा तिथे उतरून या. वही न्या, तापमापक न्या, तारीख-वेळ घालून नोंद करा. दगड मात्र उचलून आणू नका; ते अभयारण्य आहे, आणि वनखात्याची परवानगी असल्याशिवाय मित्रासाठीही चालत नाही.